गाढविणीचे दूध: कितव्या दिवसाचे?

शंभर रुपयांना एक चमचा. गाढविणीच्या दुधाचा हा भाव महाराष्ट्रात नवा नाही. फिरस्ते विक्रेते गाढवीण गल्लीत घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लहान मुलांचा खोकला, दमा, न्यूमोनिया यांवरचे अक्सीर औषध म्हणून चमच्याने दूध विकतात. दहा मिलिलिटरला शंभर म्हणजे लिटरला दहा हजार. २०२१ साली मराठवाड्यातून याच आकड्याच्या बातम्या छापून आल्या. त्याच्या आदल्या वर्षी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात हलारी जातीच्या गाढविणींची डेअरी सुरू होणार असल्याची बातमी आली, तिच्यातही लिटरला सात हजारांचा आकडा होताच.

या साऱ्या चर्चेत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. सातारा-सांगलीकडचा शेतकरी बाजारात म्हैस बघायला गेला, की पैशाचे बोलण्याआधी विचारतो: कितवं वेत आणि व्यायला किती दिवस झाले? गाढविणीच्या दुधाबाबतही हाच प्रश्न पहिला हवा. या दुधाची कीर्ती उभी आहे ती त्यातल्या प्रथिनांवर, आणि ती प्रथिने व्यायल्या दिवसापासून दूध आटेपर्यंत सारखी राहत नाहीत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इटली आणि चीनमधल्या संशोधकांनी या बदलांचा पाठपुरावा केला आहे. त्यातून काय हाती आले आणि ते कृष्णाकाठच्या वीटभट्टीवरच्या गाढविणीला कितपत लागू पडते, ते पाहू.

भट्टीवरचे जनावर

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघेपर्यंत हा बराचसा मुलूख एकच होता. दक्षिण साताऱ्याचे नाव १९६० साली सांगली झाले. कराडला कोयना कृष्णेला मिळते. तिथून खाली सांगली-मिरजेपर्यंत काठच्या मातीवर वीटभट्ट्या चालतात. वाळलेल्या कच्च्या विटा भट्टीपर्यंत नेणे, माती आणि वाळू वाहणे, अडचणीच्या बोळातून बांधकामाचे सामान पोचवणे ही गाढवाची कामे. ती पाळणारे बहुतेक वडार, कुंभार, कैकाडी, बेलदार, परीट अशा समाजांतले. ट्रॅक्टर आणि जेसीबी आल्यापासून या कामांना ओहोटी लागली आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वातीन लाख गाढवे होती, २०१९ च्या गणनेत ती सव्वा लाखाच्या आत आली. महाराष्ट्रातली घटही चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे.

गाढवाची किंमत आजही ओझ्यावर ठरते. पौष पौर्णिमेला जेजुरीत भरणाऱ्या बाजारात दात बघून दुवान, चौवान, अखंड जवान असे भाव होतात. काठेवाडी जनावर अंगापिंडाने मोठे म्हणून गावठीपेक्षा महाग जाते. दुधाचा प्रश्न या सौद्यात येत नाही. मादी दूध देते ते शिंगरासाठी, असाच सगळ्यांचा समज आहे आणि तो बरोबरही आहे.

दुधाचा धंदा मात्र या भागाच्या अंगवळणी पडलेला. भिलवडीत चितळ्यांची डेअरी १९३९ पासून आहे, गावोगावच्या संकलन केंद्रांवर रोज सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ मोजून पावती हातात पडते. अशा केंद्रावर गाढविणीचे दूध नेले, तर मशीन ते बाजूला काढेल. त्यात फॅट बहुधा एक टक्क्याच्याही खाली असते, प्रथिने जेमतेम दीड ते पावणेदोन टक्के. गाईच्या दुधात प्रथिने सव्वातीन टक्क्यांच्या पुढेमागे, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. थोडक्यात, आपण ज्या मापाने दूध जोखतो त्या मापात हे दूध नापास. त्याचा कस कुठे असेल तर तो प्रथिनांच्या जातीत आहे.

चीक: पहिले चोवीस तास

गाढवीण सुमारे वर्षभर गाभण राहते. एवढ्या काळात वार शिंगराला सगळे काही पुरवते, एक गोष्ट सोडून. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडे आईच्या पोटातच मिळतात. घोडा, गाढव, गाय यांच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. शिंगरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याची सगळी शिदोरी चिकात असते.

म्हणून चिकातली प्रथिने नेहमीच्या दुधाच्या कैकपट असतात आणि त्यांत मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचा. आपल्याकडे गाईच्या चिकाचा खरवस जमतो, तोही याच प्रथिनांमुळे: उष्णता लागली की ती एकमेकांना धरतात आणि विरजण किंवा लिंबू न घालता दूध थिजते. शिंगराच्या आतड्याची दारे फार थोडा वेळ उघडी असतात. पहिल्या बारा तासांत शोषण चांगले होते, चोवीस तास उलटले की मोठी प्रतिपिंडे अखंड रक्तात जाऊ शकत नाहीत. कासही याच वेळापत्रकाने चालते. पहिल्या दिवसातच चिकातले प्रथिन झपाट्याने खाली येते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत दूध नेहमीच्या रूपाकडे वळते.

चीनमध्ये प्रथिनशास्त्राची आधुनिक यंत्रे वापरून चीक आणि पुढचे दूध शेजारी ठेवून पाहिले गेले. चिकात संरक्षणाशी, दाहाशी, रक्तातल्या पूरक यंत्रणेशी संबंधित प्रथिनांची गर्दी आढळली; पुढच्या दुधात पोषणाच्या आणि चयापचयाच्या प्रथिनांचा वरचष्मा झाला. म्हणजे प्रथिन नुसते कमी होत नाही, त्याचे काम बदलते. चिकाच्या बाबतीत विक्रीचा विचारही करू नये, याचे कारण एवढ्यात आले. तो एक पेलाभर चीक गेला, तर शिंगरू पहिल्याच महिन्यात दगावण्याची शक्यता वाढते.

नंतरचा उतार

चिकानंतरचे दूध स्थिर झाले असे वाटते, पण तसे नसते. सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिने दोन टक्क्यांच्या आसपास असतात आणि वेत पुढे सरकेल तशी ती हळूहळू उतरत दीड टक्क्याजवळ येतात. फॅटही बहुधा उतरते. दुग्धशर्करा मात्र सहा-सात टक्क्यांवर टिकून राहते, क्वचित थोडी वाढते. गाढविणीचे दूध जिभेला गोडसर लागते ते या शर्करेमुळे.

गाई-म्हशी पाळणाऱ्याला हा उतार उलटा वाटेल. गाईचे दूध व्यायल्यावर वाढत जाते, त्या भरात प्रथिनांचे प्रमाण खाली येते. पुढे दूध आटू लागले की तेच प्रथिन पुन्हा दाट होते. गाढविणीत, आणि घोडीतही, शेवटचा चढ सहसा दिसत नाही. दूध कमी होते आणि त्यातले प्रथिनही कमीच होत जाते. याची एक बाजू सोपी आहे. शिंगरू काही आठवड्यांतच गवताला तोंड लावू लागते आणि त्याची प्रथिनांची गरज चाऱ्यातून भागू लागते. पण कासेच्या आत हे नेमके कशाने ठरते, याचा उलगडा अजून अर्धामुर्धाच झाला आहे.

या उताराचे तपशील फार बोलके आहेत. गाढविणीच्या दुधातल्या प्रथिनांचे दोन मोठे गट. पहिला केसीनचा, ज्याचा दही-पनीरात चोथा होतो. दुसरा निवळीतल्या प्रथिनांचा. गाईच्या दुधात केसीनचा वाटा ८० टक्के, आईच्या दुधात ४० च्या आसपास, गाढविणीच्या दुधात निम्म्याहून थोडा जास्त. निवळीत तीन नावे महत्त्वाची: बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन आणि लायसोझाइम.

इटलीतल्या कामेरिनो विद्यापीठात सिल्विया व्हिन्सेंझेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हीच तीन प्रथिने वेताच्या वेगवेगळ्या दिवशी मोजून प्रसिद्ध केली. लायसोझाइम ६० व्या दिवशी मिलिलिटरला १.३ मिलिग्रॅमच्या घरात होते. १९० व्या दिवशी ते ०.८ च्या खाली आले. मधल्या काळात सरळ उतार नव्हता, थोडे वर-खालीही झाले. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ९० व्या दिवसापासून शेवटपर्यंत साडेतीन-चार मिलिग्रॅमच्या पट्ट्यात राहिले. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन ६० व्या दिवशी कमी होते, मग दुपटीच्या वर गेले आणि पुढे किंचित उतरले. एकूण प्रथिनांचा आकडा पाहिला, तर यातले काहीच दिसत नाही. आत मात्र तीन प्रथिने तीन चालींनी चालत असतात.

यांत लायसोझाइमला सगळ्यांत जास्त मान आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ साली नाकातल्या स्रावात ते ओळखले, पेनिसिलिनच्या सहा वर्षे आधी. जिवाणूंच्या भिंतीतले बंध ते तोडते. आईच्या दुधाच्या कैकपट लायसोझाइम गाढविणीच्या दुधात असते. गाईच्या दुधात ते नाममात्र. या दुधात जिवाणूंची वाढ मंद असते, ती मुख्यतः त्याच्यामुळे. ज्या प्रथिनाच्या नावावर हे दूध विकले जाते, तेच वेताच्या शेवटाकडे निम्म्याच्या जवळ घसरत असेल, तर ‘गाढविणीचे दूध’ म्हणून एकच माल विकणे शास्त्राला धरून नाही.

नळीत आणि जेलवर

प्रयोगशाळेत हे कसे दिसते? दुधातले फॅट काढून त्यात थेंबाथेंबाने आम्ल घालत सामू ४.६ ला आणला, की केसीन खाली बसते. गाईच्या दुधात ते जाड, पांढऱ्या गुठळ्यांनी बसते, नळी तिरकी केली तरी हलत नाही. गाढविणीच्या दुधात बारीक, मऊ कण तरंगतात आणि सावकाश खाली येतात. वरची निवळ हिरवट-पारदर्शक. याच कारणाने या दुधाचे घट्ट दही लागत नाही आणि रेनेट घालून चीज करायला गेले तर चोथा धरत नाही. सर्बियातल्या झासाविका अभयारण्यात तयार होणारे पुले नावाचे गाढविणीचे चीज जगात महागड्यांत गणले जाते, त्यामागे एक कारण हेही आहे.

निवळ मग जेलवर चढवतात. वीज सोडली की प्रथिने आपापल्या वजनाप्रमाणे खाली उतरतात आणि निळ्या रंगाने त्यांच्या पट्ट्या उमटतात: वर सीरम अल्ब्युमिन, मध्ये बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, तळाशी अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन आणि लायसोझाइम. गोम तळाशीच आहे. या दोघांचे वजन जवळजवळ सारखे, एकाचे १४.२ आणि दुसऱ्याचे १४.६ किलोडाल्टन. साध्या जेलवर दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटतात. नुसत्या पट्टीच्या जाडीवरून ‘लायसोझाइम वाढले’ असे कुणी म्हटले, तर ते दुसरेच प्रथिन असू शकते. वेताच्या टप्प्यांची तुलना करायची असेल, तर दोघांना वेगळे काढणारी क्रोमॅटोग्राफी तरी हवी किंवा लायसोझाइमची जिवाणू फोडण्याची ताकद तरी स्वतंत्रपणे मोजलेली हवी.

आईच्या दुधाशी नाते

‘आईच्या दुधाच्या सर्वांत जवळचे’ ही या दुधाची जाहिरात. ती अर्धी खरी आहे. हे दूध हलके मानण्याची परंपरा जुनी: चरकसंहिता एका खुराच्या प्राण्यांच्या दुधाला लघु म्हणते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयात गाढविणी पाळून तान्ह्या मुलांना त्यांचे दूध दिले जात होते. आधुनिक काळातला भक्कम पुरावा आहे तो गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांचा. इटलीत तुरिनच्या डॉक्टरांनी २००७ साली ४६ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ३८ मुलांना गाढविणीचे दूध सोसले. केसीन कमी, त्याची घडण वेगळी, गुठळी मऊ, अशी त्यामागची कारणे दिली जातात.

उरलेली बाजूही पाहायला हवी. आईच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन मुळीच नसते, गाढविणीच्या दुधात ते भरपूर असते आणि वेतभर टिकते. तुरिनच्याच अभ्यासात आठ मुलांना हे दूध चालले नाही. दुसरे, या दुधात फॅट नसल्यात जमा, त्यामुळे त्यातून मिळणारी ऊर्जा आईच्या दुधापेक्षा बरीच कमी. इटलीतले डॉक्टर त्यात मोजून वनस्पती तेल घालतात आणि मुलाचे वजन सतत तपासतात. तान्ह्या बाळाला नुसत्या गाढविणीच्या दुधावर ठेवले, तर त्याची वाढ खुंटते. पहिले सहा महिने आईचेच दूध, हा सल्ला या संशोधनाने तसूभरही हललेला नाही.

चमच्याचा हिशेब

आता त्या चमच्याकडे वळू. दहा मिलिलिटर दुधात प्रथिने जास्तीत जास्त ०.२ ग्रॅम. गाईच्या दुधाच्या तेवढ्याच चमच्यात ती दीड-दोनपट असतात. लायसोझाइम वेताच्या दुसऱ्या महिन्यात १३ मिलिग्रॅम, सहाव्या महिन्यानंतर आठच्या आत. कोंबडीच्या एका अंड्याच्या पांढऱ्यात यापेक्षा कितीतरी जास्त, शंभर मिलिग्रॅमच्या आसपास लायसोझाइम असते आणि त्याने न्यूमोनिया बरा होतो असे कुणी म्हणत नाही. गिळलेले लायसोझाइम फुप्फुसापर्यंत पोचायला वाट नाही. मुलाला धाप लागली असेल, तर त्या शंभर रुपयांपेक्षा वाया जाणारा वेळ जास्त घातक.

कच्चे दूध पाजण्यातला धोका वेगळाच. लायसोझाइम सगळ्या जिवाणूंना आवरत नाही, आणि रस्त्यावर पिळलेल्या दुधात कासेवरची घाण, हाताची घाण, जनावराचा आजार सगळे येऊ शकते. एक गोष्ट इथे उपयोगी पडते: ६३ अंशांवर अर्धा तास ठेवून पाश्चरीकरण केले, तरी लायसोझाइम बरेचसे टिकते. खळखळून उकळले तर मात्र त्याची ताकद घटते. त्यामुळे ‘कच्चेच प्यायला हवे, तापवले की गुण जातो’ या सांगण्याला आधार उरत नाही.

इथे काय मोजायला हवे

आतापर्यंतचे आकडे मार्तिना फ्रांका, रागुसानो या इटालियन, किंवा चीनमधल्या जातींचे आहेत. बांधून, मोजून खाऊ घातलेल्या जनावरांचे. सातारा-सांगलीची गाढवीण दिवसभर विटा वाहते, सुटली की बांधावर, उकिरड्यावर चरते, उसाच्या हंगामात वाडे मिळाले तर खाते. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. असा अभ्यास करण्याचे ज्ञान आणि साधने हाताशी आहेत. पण नमुने गोळा करणे वाटते तितके सोपे नाही.

पहिली अडचण वेळेची. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाच्या तोंडाला विझतात. आषाढात व्यायलेल्या गाढविणीचे पहिले तीन महिने विश्रांतीचे आणि हिरव्या चाऱ्याचे जातात. पाचवा-सहावा महिना ओझ्याचा आणि वाळल्या कडब्याचा. तिच्या दुधातले प्रथिन उतरले तर ते वेत पुढे गेल्यामुळे, की काम आणि चारा बदलल्यामुळे? दोन्ही एकाच वेळी बदलत असतील, तर उत्तर मिळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या ऋतूंत व्यायलेल्या जनावरांचे नमुने हवेत, आणि शक्यतो तीच जनावरे वेतभर पुन्हापुन्हा तपासलेली हवीत. आज एकीचे पहिल्या महिन्याचे आणि उद्या दुसरीचे पाचव्या महिन्याचे दूध घेऊन काढलेली सरासरी फसवी ठरते. शिवाय व्यायल्याची तारीख मालकाच्या लक्षात असते ती सणावारावरून. ती लिहून ठेवणारा कुणीतरी हवा.

दुसरी अडचण शिंगराची. गाढविणीची कास लहान, सड दोनच. दूध साठायला जागा नाही, म्हणून शिंगरू दर थोड्या वेळाने पिते. धार काढायची तर त्याला दोन-तीन तास बाजूला ठेवावे लागते, आणि ते नजरेसमोर असल्याशिवाय आई पान्हा सोडत नाही. एवढे करून हाती येते ते पाव-अर्धा लिटर. किती वेळ शिंगरू वेगळे होते आणि कास किती रिकामी झाली, यावरून दुधाची घडण बदलते, विशेषतः फॅटची. नमुन्याबरोबर ही नोंद नसेल, तर दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, खेचर, उंट यांच्याबरोबर गाढवांच्या उद्योगालाही भांडवली अनुदानाची तरतूद केली. त्यामुळे गाढविणीच्या डेअरीचे बेत आखणारे वाढणार. त्यांचा ताळेबंद शंभर रुपयांच्या चमच्यावर बेतलेला असेल, तर तो पहिल्याच वर्षी कोसळेल. साबण आणि क्रीमसाठी दूध घेणारा कारखानदार चमच्याचा भाव देत नाही. वेताच्या टप्प्याप्रमाणे दूध वेगळे ठेवून, प्रथिने मोजून विकले, तर मात्र विकणाऱ्याच्या बोलण्याला वजन येईल: ॲलर्जीच्या मुलांसाठी वेताच्या मधल्या टप्प्याचे, पाश्चरीकरण केलेले, तपासलेले दूध, प्रसाधनांसाठी शेवटाकडचे.

यापलीकडे एक साधा हिशेब भट्टीवरच करता येतो. शिंगरू तीन-चार महिन्यांचे होऊन नीट चरू लागेपर्यंत दुधावर पहिला हक्क त्याचा. त्यानंतर जे दूध उरते ते थोडे, आणि प्रथिनांच्या उताराला लागलेले. ते विकून वडाराच्या किंवा कुंभाराच्या घरात वर्षाकाठी किती पैसे पडतात, हा आकडा प्रामाणिकपणे काढला आणि तो ओझ्याच्या मजुरीपुढे किंवा एका धडधाकट शिंगराच्या बाजारभावापुढे फिका पडला, तर गाढविणीच्या दुधाचा धंदा या दोन जिल्ह्यांपुरता जोडधंदाच राहील, हे मान्य करायला हरकत नसावी.